जिना मोठा, घर लहान

महाड,
गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची भांडी बाजूला सारून

तीर्थस्वरूप वन्संना,

सुनीतीचा साष्टांग नमस्कार. (कमरेचं दुखणं सुरू झाल्यापासून तो प्रत्यक्षात अर्धाच होतो, उरलेला कागदावर पुरा करते आहे. गोड मानून घ्यावा.)

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल आहात असं तुम्ही दर फोनला सांगता, आणि न्हाणीघरात पाय घसरल्यापासून तुम्ही भिंत धरून चालता हे आम्हाला बंगलोरहून ओवीकडून कळतं. (‘आई, आत्याने तुला सांगू नको म्हणून बजावलंय,’ अशी सुरुवात करून तिने सगळं सांगितलं. पोरगी तुमच्याकडे वाढली, पण गुपित ठेवण्याच्या बाबतीत माझ्यावर गेली.) गुडघ्याचा पट्टा बांधता का? की तो अजून कपाटात घडी घालून ठेवलाय, नवा आहे म्हणून? लिफ्ट सुरू झाली का, की सोसायटीची सभाच अजून सुरू आहे? चौथ्या मजल्यावरून दूध आणायला स्वतः उतरू नका, ही विनंती समजा. आज्ञा करायची माझी प्राज्ञा नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण एकच, तुमचे बंधुराज. मी तुम्हाला फोन लावला की ते शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि माझ्या वाक्यावाक्याला दुरुस्त्या सुचवतात. ‘परवा नव्हे, तेरवा.’ ‘पाऊस फार नव्हता, मध्यम होता.’ हायस्कुलात भूगोल शिकवून शिकवून माणसाचा असा नकाशा होतो. व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझा फोन चार्जिंगला लावण्याचं काम त्यांनी स्वखुशीने पत्करलं आहे. म्हणून ते शाळेत गेलेले असताना हे लिहिते आहे. नमनालाच घडाभर तेल गेलं, आता मुद्द्यावर येते.

आम्ही घर बघतो आहोत. भाड्याचं नव्हे, विकतचं. आमच्या घरमालकांचा मुलगा मस्कतहून कायमचा परत येतोय, त्यामुळे दिवाळीपर्यंत ही जागा त्यांना हवी आहे. (माणसं फार चांगली. सांगायला आले तेव्हा पेढे घेऊन आले. पेढा खाल्ल्यावर कळलं की तो आपण निघण्याचा आहे.) हे येत्या मे महिन्यात निवृत्त होतील, मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बसलेच आहे. पोलादपूर, कुडपण, परत पोलादपूर, मग महाड, अशी बिऱ्हाडं हलवत जन्म गेला. भिंतीला खिळा मारायचा तरी मालकांना विचारायचं. आता एक तरी खिळा कुणाला न विचारता मारावा, एवढीच माझी इच्छा उरली आहे, आणि ती या वर्षी झाली नाही तर पुन्हा व्हायची नाही. पुढे पेन्शनीत कोण घर घेतंय?

हायवेपलीकडच्या नव्या इमारती आधी बघितल्या. खिडकीतून डोंगर दिसतो, पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी रिक्षा करावी लागते. किंमत ऐकून यांनी पाणी मागितलं, तर नमुन्याच्या त्या फ्लॅटमध्ये नळाला पाणी नव्हतं. मग कापड्याला एक प्लॉट बघितला. चारी बाजूंनी भात, मधोमध आम्ही. शांतता इतकी की यांनी स्वतःचंच बोलणं ऐकलं आणि ते दचकले. शेवटी प्रवीण म्हणाला, सर, पेठेच्या मागच्या आळीत एक जुनं घर आहे, लहान आहे, पण तुमच्या आवाक्यात आहे. (प्रवीण म्हणजे घरांचे व्यवहार जमवणारा, यांचाच विद्यार्थी. भूगोलात दोनदा बसला. आता निम्म्या तालुक्याच्या जमिनी त्याला तोंडपाठ आहेत, आणि याचं श्रेय हे स्वतःकडे घेतात.)

तर घर असं. ओटा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे परस, परसात विहीर, विहिरीवर कढीपत्त्याचं झाड वाकलेलं. वर कौलं आणि कौलांखाली एक माडी. भिंती जाड, फरशी थंड. मालक दीपक म्हणून आहे, तो मुंबईला नोकरी करतो, आईवडील गेल्यापासून घर बंद. ओलीचा वास येतो, पण पुण्यातल्या तुमच्या पहिल्या जागेतही येत होताच की. मला घर पाहताक्षणी आवडलं. यांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण हे जिन्यासमोर जे उभे राहिले ते हलेचनात. वन्सं, घर एवढंसं आणि जिना असा की नवराबायको शेजारी शेजारी, भांडत भांडत, हातवारे करत वर जातील. त्या जिन्यातच माझं देवघर आणि कोठीची खोली झाली असती. प्रवीणला विचारलं तर म्हणाला, जुन्या लोकांची मनं ऐसपैस होती, सर. हे म्हणाले, मनं ऐसपैस होती तर खोल्या का नाहीत? त्यावर प्रवीणने विहीर दाखवायला नेलं.

आता तुम्ही चष्मा वर करून विचाराल की पाण्याचं काय. पुण्यात घर बघताना ‘पाणी येतं का’ असं विचारतात आणि ‘येतं’ म्हटलं की खूश होतात. महाडात हाच प्रश्न, हेच उत्तर, पण ऐकणारा चपला शोधायला लागतो. एकवीस सालच्या पुरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो, खाली जे झालं ते बघितलं आहे, त्यामुळे थट्टा करते आहे म्हणून मला भीती नाही असं समजू नका. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहोत आम्ही. म्हणून ठरलं की आळीत पाणी कुठवर आलं होतं ते नीट चौकशी करून बघायचं, आणि मगच पुढचं बोलायचं.

इथे तुमच्या बंधूंनी घोळ घातला. चौकशी म्हणजे काय, तर ओट्यावर बसावं, चहा घ्यावा, हळूच विचारावं. हे शाळेतून मोजपट्टी घेऊन आले, गवंड्याकडून पाणसळ मागून आणली, काखेत फाईल, डोक्यावर टोपी, खिशाला दोन रंगांची पेनं. आळीत शिरल्याशिरल्या पहिल्याच भिंतीला पट्टी लावून म्हणाले, पाणी इथे किती होतं? झालं. सरकारी मदतीच्या पंचनाम्याला माणूस आला, असं आळीत दोन्ही टोकांपर्यंत पोचलं. घराघरातून माणसं बाहेर आली. गाद्या बाहेर आल्या. एका बाईंनी गंजलेला मिक्सर आणून यांच्या पायाशी ठेवला. समोरच्या किराणा दुकानाचे सयाजीशेठ स्टुलावर चढले आणि हात उंच करून म्हणाले, ‘हितवर, साहेब. आमचा घड्याळ बुडाला.’ पलीकडच्याने त्याहून वरचा वासा दाखवला. तिसऱ्याच्या घरात तर पाणी कौलांतून बाहेर पडून परत आत आलं होतं. हे मन लावून लिहून घेत होते. (एवढे वाडगे भरून मिळालेले आकडे, भूगोलाच्या मास्तराला आणखी काय हवं?) मग त्यांच्या लक्षात आलं की या हिशोबाने आळीच्या एका टोकाला पाणी छपराला आणि दुसऱ्या टोकाला ओट्याच्या खाली होतं. तेव्हा त्यांनी सगळ्यांना गोळा करून, पाणी उतारावर तिरकं उभं राहत नसतं, हे समजावून सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि चहा मागवला. साहेब जरा कडक आहे, असं त्यांचं मत झालं असावं.

चहा पिताना मला राहवेना. म्हटलं, अहो, आम्ही सरकारी नाही, शेजारचं घर विकत घ्यायला आलोय. वन्सं, सावित्रीचं पाणी इतक्या झपाट्याने कधी ओसरलं नसेल. सयाजीशेठ स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, तसं काही विशेष नव्हतं हो, पायरी भिजली. वाशापर्यंत गेलेलं पाणी घोट्यावर आलं. कौलांतून बाहेर पडलेलं तर आलंच नव्हतं. मिक्सर कुणाचा आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. गाद्या आपापल्या घरी परतल्या. चांगला शेजार यावा, तो पळून जाऊ नये, म्हणून माणसं एवढं खोटं बोलतात हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. खरं सांगितलं ते भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या प्रयागबाईंनी. मूळच्या कापड्याच्या, इथे सुनेला पापड-कुरडयांच्या धंद्यात मदत करतात. म्हणाल्या, ‘पानी आलं म्हंजे आलं गो बाय. छातीपर्यंत आलं. खोटं सांगून काय करू? मी नाय सांगितलं म्हनून यायचं थांबनार हाय का?’ आणि वर म्हणाल्या, ‘पन मानूस गेला नाय आमच्या आळीतला. एक बी नाय.’ ते कसं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जिन्याचं कोडं त्याच दिवशी सुटलं असतं.

‘छातीपर्यंत’ ऐकल्यावर यांनी फाईल मिटली. घरी येऊन वहीत दोन रकाने आखले आणि सगळा पावसाळा त्यांत भर घालत बसले. घर लहान, पण परवडणारं. जुनं, पण भिंती जाड. बाजार दाराशी, पण नदीही दाराशीच. जेवताना ताटात वरण कमी पडलं तरी ते ‘पण’ने वाक्य सुरू करायला लागले. ओवीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, लोक पुरातून बाहेर पडायला बघतात आणि तुम्ही आत शिरताय? तिचंही चुकत नाही. घर पाहावं बांधून म्हणतात, पण नुसतं पाहण्यातच माणूस एवढा दमतो हे कुणी सांगत नाही.

आणि मग आषाढातली ती दुपार आली. आम्ही दुसऱ्यांदा घर बघायला गेलो होतो, कारण जिना पाडून तिथे खोली निघेल का ते यांना मोजायचं होतं. किल्ली प्रयागबाईंच्या दारामागे खिळ्याला असते, त्यांनी दार उघडून दिलं. हे जिन्याच्या मधल्या पायरीवर पट्टी घेऊन बसलेले, मी खाली पट्टीचं दुसरं टोक धरलेलं, आणि नगरपालिकेचा पुराचा भोंगा सुरू झाला. मी पट्टीचं टोक सोडलं. म्हटलं, चला, निघा. पण निघणार कुठून? दारातून प्रयागबाईंच्या सासूबाई आत येत होत्या, खुर्चीत बसून, खुर्ची दोघांनी उचललेली. ‘सरका जरा’, एवढंच म्हणून ती वरात आमच्या बाजूने माडीवर गेली. मागून आणखी एक आजोबा, खुर्चीतच, हातात रेडिओ. मागून देव. आळीतल्या सगळ्या घरांचे देव, ताम्हनांत, टोपल्यांत, एक तर प्रेशर कुकरमध्ये. मग तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, शिलाई मशिनं, टीव्ही. कुणी कुणाला विचारत नव्हतं, कुणी दार ठोठावत नव्हतं. हे जिन्यावर उभे राहून ओरडले, ‘अहो, हे विकाऊ घर आहे!’ कुणीतरी खालून म्हणालं, ‘हो, पन गणपती धरा आधी.’ आळीच्या टोकाला मूर्तींचा कारखाना आहे, तिथले गणपती येत होते, डोळ्यांची आखणी व्हायची राहिलेले. एक यांच्या हातात दिला गेला. वन्सं, हातात गणपती आल्यावर माणूस वाद घालू शकत नाही. मुकाट्याने वर नेऊन ठेवला आणि दुसऱ्यासाठी खाली आले. थोड्या वेळाने बघते तर हे जिन्याच्या मध्ये उभे, शाळेच्या कवायतीचा आवाज काढलेला, ‘चढणारे डावीकडून, उतरणारे उजवीकडून! सोंडेला हात लावू नका!’ आणि सबंध आळी त्यांचं ऐकत होती. जिना तेवढा रुंद का, ते तेव्हा त्यांनाही कळलं आणि मलाही. सगळ्या आळीत उंच माडी ही एकच. पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम असा की भोंगा झाला, पूर्वी थाळा वाजायचा, की आधी म्हातारी माणसं, मग देव, मग धान्य, सगळं ह्या माडीवर. जोत्यापासून जिना बांधला तोच त्यासाठी.

पाणी आळीच्या तोंडाशी आलं, उंबऱ्यांचा अंदाज घेतला आणि दिवेलागणीच्या आत मागे फिरलं. पण खात्री होईपर्यंत खाली उतरायचं नाही, हाही नेमच. म्हणून माडीवर खिचडी शिजली. सयाजीशेठनी पोतं फोडलं, कुणाचा तरी कांदा, कुणाचं तरी तूप. पोरं घाबरून रडवेली झाली होती, तर यांनी परातीतल्या खिचडीत सावित्रीचं खोरं करून दाखवलं, पोलादपूरकडचे डोंगर उंच, महाड खोलगट, आणि वरून तुपाची धार सोडली. तूप थेट सयाजीशेठच्या बाजूला जाऊन साचलं. पोरं हसली, सयाजीशेठही हसले. निवृत्ती जवळ आल्यापासून मी तुमच्या भावाला इतकं खुलून बोलताना बघितलं नव्हतं. आणि मी? मला प्रयागबाईंनी हाताला धरून माडीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात नेलं आणि म्हणाल्या, ‘ह्यो कोपरा रिकामाच हाय. तुमचं काय असल ता हितं ठेवा.’ म्हणजे बघा, जे घर आपण विकत घेणार त्याच्या माडीवर आपल्याला एक कोपरा मंजूर झाला! हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. वन्सं, एवढी बिऱ्हाडं केली, पण ‘तुमचं सामान कुठे ठेवायचं’ याची काळजी कुणी माझ्याआधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दीपकला फोन लावला. तो म्हणाला, ‘ताई, ती आळीची सिस्टिम हाय. बापूस होता तवापासून हाय. आधी बोललो असतो तर घर घेनारा बायर भागला असता ना.’ आणि तसे पळालेही होते म्हणे, एकामागून एक. त्यांतल्या एकाला तर आळीनेच भागवला. जिन्याला लोखंडी जाळी बसवून कुलूप घालीन, असं तो बोलून गेला होता. त्यानंतर त्याला दर भेटीत पाणी थोडं थोडं वर गेलेलं सांगण्यात आलं. तेव्हा घर आम्ही बघत होतो हे खरं, पण आळीही आम्हाला बघतच होती.

यांचं तोंड मात्र पुन्हा वाकडं झालं. उत्साह उतरल्यावर हिशोब आठवतो. घर आपलं की आळीचं? दर पावसाळ्यात आपल्या डोक्यावर दुसऱ्यांची पोती? आपण गावाला गेलो तर किल्ली कोणाकडे? (किल्ली प्रयागबाईंच्या खिळ्यावर, हे मी सांगितलं. त्यावर, मग घर कसलं, असं उत्तर आलं.) आणि खालचं आपलं सामान, त्याचं काय? छातीपर्यंत म्हणजे छातीपर्यंत, हे काही खिचडी खाऊन कमी होत नाही. यात त्यांची चूक नाही. मी रात्रंदिवस त्यांची बाजू ऐकते आणि मला पटतेही. मग सकाळी भाजीला पेठेत जाते, प्रयागबाई ओट्यावरून हाक मारतात, ‘गो बाय, ठरला का?’ आणि पटलेलं सगळं विरघळून जातं.

खरं म्हणजे माझा तराजू पहिल्यापासून खोटा आहे, कारण त्याच्या एका पारड्यात तुम्ही बसलेल्या आहात. कुडपणच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा वर डोंगरात गाडी कधी यायची, कधी नाही, आणि ओवीची पाचवीपुढची शाळा कुठे करायची याने माझी झोप उडाली होती. तुम्ही एका रविवारी आलात आणि तिची पिशवी भरायला घेतलीत. विचारलंही नाहीत. बारावी होईपर्यंत ठेवून घेतलीत, तिच्या वेण्या घातल्यात, तिची दुखणी काढलीत, तिच्यासाठी पालकसभांत तिच्या मास्तरांशी भांडलात, आणि एवढ्या वर्षांत एका शब्दाने बोलून दाखवलं नाहीत. तिच्या पहिल्या पगाराची साडी हातात घेऊन तुमचे डोळे भरले तेव्हासुद्धा, ‘रंग अगदीच विटका आणलाय गं’, असं कारण दिलंत. लोक नणंदांच्या कागाळ्या सांगतात तेव्हा मला गप्प बसावं लागतं, त्यामुळे बायकांत माझी फार पंचाईत होते. न विचारता आपली पोती दुसऱ्याच्या माडीवर नेणारी आणि न विचारता दुसऱ्याची आपल्याकडे घेणारी माणसं मला त्या आळीत दिसली, म्हणून ते घर मला ओळखीचं वाटलं. उपकार हा शब्द तुम्हाला चालत नाही, म्हणून लिहीत नाही. पण आहेत, आणि मला ते फिटायला नको आहेत.

तर असा सगळा विचार चालला आहे. अजून काहीच ठरलेलं नाही. तुमच्या सल्ल्यावाचून पाऊल पुढे टाकायचं नाही, हे आम्हा दोघांचंही नक्की आहे. गुडघ्याला जपा, थंड पाण्यात हात घालू नका, आणि पट्टा बांधा.

तुमची लाडकी (हे मी स्वतःच ठरवलं आहे) भावजय,
सुनीती

ता. क. १. सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांनी गुडघे मोकळे होतात असं प्रयागबाई सांगतात. त्यांच्या सासूबाई पूर्वी धरूनही उठत नव्हत्या, आता धरून उठतात. सव इथून अगदी जवळ आहे. हे सहज लिहिलं.

ता. क. २. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. घराचा बयाणा दिलेला आहे. दोनदा. मंगळवारी मी यांना न सांगता प्रवीणच्या हातात ठेवला, आणि बुधवारी यांनी मला न सांगता. प्रवीणने दोन्ही वेळा नमस्कार करून घेतला आणि तोंडातून ब्र काढला नाही. गौरीच्या दिवशी प्रसादाला आला तेव्हा म्हणाला, सर, मॅडम, तुमचं एकमेकांत ठरलं की सांगा, दोन्ही सौद्यातच धरलेत. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. यांनी रकान्यांची वही मला दिली आणि म्हणाले, मागची पानं कोरी आहेत, तुला वाणसामानाला होतील.

ता. क. ३. आता खरी विनंती. रविवारी सकाळी हे तुम्हाला फोन करतील आणि घर घ्यावं का, म्हणून विचारतील. सायकलसुद्धा यांनी तुम्हाला विचारल्याशिवाय घेतली नव्हती, आणि मलाही आधी तुम्हीच बघून गेला होतात. तेव्हा तुम्ही हे पहिल्यांदाच ऐकताय असं दाखवा. पाण्याचं विचारा, भिंतींचं विचारा, जिन्याचं तर विचाराच, त्यांना ते सांगायला फार आवडतं. मध्ये एकदा ‘अरे बापरे’ म्हणा. आणि मग हो म्हणा.

ता. क. ४. त्यानंतरही फोन चालूच राहील. हे पावसाचं बोलतील, ओवीचं बोलतील, तुमच्या लिफ्टचं विचारतील, घसा खाकरतील, आणि ठेवू का म्हणतील. त्यांना त्यापुढचं एक विचारायचं आहे, पण लहानपणापासून तुम्हीच सगळं दिलंत, आता तुमच्याकडे काही मागायला त्यांची जीभ रेटत नाही. गेला महिनाभर खालच्या पूर्वेच्या खोलीत कमोड बसवायचा की न्हाणीघराला कठडा लावायचा, यावर ते गवंड्याशी भांडताहेत आणि मला सांगतात की ते पाहुण्यांसाठी आहे. प्रयागबाईंनी तर भोंगा झाल्यावर खुर्चीला दोन माणसं पुरतील की तीन लागतील, म्हणून तुमचं वजनही विचारून घेतलं आहे. (मी कमीच सांगितलं.) तेव्हा ते ठेवू का म्हणतील ना, तेव्हा ठेवू देऊ नका. तुम्हीच विचारा, ‘बाळ, माझी खोली कुठली रे?’